विषम आलं, म्हणजे डुक्कर आत

चहा आधी संपवून टाका. गंमत नाही करत. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा आमच्या एका मित्राला असा ठसका लागला की अर्धा कप त्याच्याच शर्टावर! आणि फजिती म्हणाल तर माझीच, शंभर टक्के माझी. दुसऱ्या कुणावर ढकलायलासुद्धा जागा ठेवलेली नाही मी.

तर मी दिनेश. वर्ध्याच्या एका कॉलेजात गणित शिकवतो, राहायला नालवाडीला. एम.एस्सी.च्या पोरांना मी जो विषय शिकवतो त्याचं नाव टोपोलॉजी. थांबा, उठू नका! मी काही इथे फळा मांडणार नाही.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, अल्लीपूरला शेती करतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा त्याची नुकतीच दहावी झाली होती आणि मी दुसरीत होतो. त्यानं शाळा सोडली आणि वावर धरलं. पुढे मला नागपूरला शिकायला पाठवलं, ते त्यानंच. हे त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. पण गेली वीस वर्षं दर दिवाळीला एक प्रश्न मात्र न चुकता विचारतो.

"दिन्या, तू पोट्ट्यायले शिकवतो तरी काय बे? लोकं इचारतेत मले. म्या म्हणतो भाऊ प्रोफेसर हाये. तं म्हणतेत, कायचा? मंग म्या काय सांगू?"

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्याला मी काय शिकलो हे माहीत नसावं? मला तर ते फार लागायचं. एकदा, फक्त एकदा, दादाला ते कळावं आणि त्यानं चार लोकांत छाती फुगवून सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

प्रयत्न केला नाही असं नाही. एका दिवाळीत ओसरीवर बसून मी सुरुवात केली. म्हटलं, "दादा, समज जगातल्या साऱ्या वस्तू कणकेच्या हायेत. त्या ताणाच्या, दाबाच्या, वाकवाच्या. फक्त फाडाचं नाई, भोक पाडाचं नाई, अन् चिपकवाचं नाई. असं करून एका वस्तूची दुसरी झाली, तं आमच्यासाठी त्या दोन्ही एकच."

"मंजे?"

"मंजे ताट अन् लोटा एकच. ताटाच्या कडा वर ओढल्या का झाला लोटा! अन् सुई अन् बांगडी एकच. दोघीलेबी एकेक भोक. जात्याची वरची तळी, तेबी त्यायचीच बहीण."

आतून वहिनीचा आवाज आला, "मंग भाऊजी, उद्यापासून बांगडीनंच कपडे शिवत जा!"

दादा हसला नाही. तो विचारात पडला होता. त्यानं अंगातली बनियन चिमटीत धरली. "हिले भोकं किती?"

"तीन."

"चार हायेत ना बे! दोन हातायचे, एक मुंडक्याचं, अन् एक खालचं."

"नाई दादा. खालचं भोक ताणत-ताणत एवढं मोठं कर का बनियनचं सपाट फडकं होते. खालचं भोक मंजे त्या फडक्याची बाहेरची कड झाली. मंग फडक्यात भोकं उरली किती? तीन!"

दादानं बनियनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बगलेतल्या फाटक्या जागेत बोट घालून म्हणाला, "हे धरून पाच. तुह्या एम.एस्सी.ले दोन भोकं दिसली नाई, दिन्या."

संपलं! त्या दिवाळीचं टोपोलॉजी तिथंच संपलं.

आता गेल्या हिवाळ्यात काय झालं ते ऐका. माझ्या वर्गात सात पोरं. त्यात देवळीची एक वैष्णवी म्हणून मुलगी आहे, रोज एसटीनं येते. मोठी तल्लख आहे आणि तेवढीच तिखट. मी त्या दिवशी शिकवत होतो की कागदावर एक बंद रेषा काढा, स्वतःला कुठेही न छेदणारी, कितीही वेडीवाकडी. ती कागदाचे बरोबर दोन भाग करते, एक आतला आणि एक बाहेरचा. आतून बाहेर जायचं तर रेषा ओलांडावीच लागते.

वैष्णवी उठली. "सर, हे तर बकरीलाही कळतं. कुंपण घातलं की आत जाता येत नाही. यात सिद्ध काय करायचं?"

सगळा वर्ग खिदळला. तुम्हाला म्हणून सांगतो, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. दरवर्षी मी शांतपणे उत्तर देतो. त्या दिवशी मात्र मला झोंबलं. आणि नेमका त्याच संध्याकाळी दादाचा फोन.

"दिन्या, हरभऱ्यात डुकरं घुसून राह्यले. रविवारी साड्यायचं कुंपण बांधतो. येजो."

आमच्याकडे रानडुकरं फार. उपाय घरचाच. जुन्या साड्या खुंटांना बांधून वावराभोवती ताणायच्या. वाऱ्यानं त्या फडफडल्या की डुक्कर बिचकतं, जवळ येत नाही. मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. अहो, बंद रेषा! वैष्णवीला सिद्धांत दाखवायचा आणि दादाला माझं शास्त्र, आणि तेही त्याच्याच वावरात! रविवारी सकाळी सातही पोरांना घेऊन मी अल्लीपूरला हजर.

दीड एकराचा तुकडा. अर्ध्यात तूर, डोक्याच्या वर गेलेली, दाट. अर्ध्यात हरभरा, छान घाट्यांवर, म्हणजे शेंगांवर आलेला. मध्ये दादाचं मचाण. एका बाजूला विहीर, मागच्या अंगाला नाला. दादानं खुंट आधीच ठोकून ठेवले होते. वहिनीनं साड्यांची दोन गाठोडी पाठवली होती, साठेक साड्या असतील.

आणि ती गाठोडी सोडली ना, तसा मी पार विरघळलो. ही हिरवी, हिचा पदर धरून मी पहिल्यांदा शाळेत गेलो. ही जांभळी ताईच्या साखरपुड्याची. ही पिवळी मायनं माझ्या दहावीच्या निकालाला नेसली होती आणि साऱ्या आळीत पेढे वाटत फिरली होती. माय जाऊन आता चार वर्षं झाली. मी एकेक साडी उलगडत होतो आणि पोरांना सांगत होतो, ही कुणाची, ही कधीची. पोरंही बिचारी ऐकत होती. मला फार बरं वाटत होतं, खरं सांगतो.

दादानं मात्र त्यातली एक विटकरी साडी काढली, नीट घडी केली आणि मचाणावर नेऊन ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

मग सुतळी कमी पडली. दादानं गाडीला किक मारली. जाता जाता म्हणाला, "म्या गावातून सुतळी आणतो. तुमी बाकी बाजू बांधा. नाल्याकडची मोकळी ठेवजो, दिन्या. थे आखरीले पाहू."

कुणीही शहाणा माणूस विचारेल ना, की का बुवा मोकळी ठेवायची? मी नाही विचारलं. कारण मी प्राध्यापक!

दादा दिसेनासा झाला आणि मी पोरांना म्हटलं, "बघा, इथेच सामान्य माणसाची चूक होते. तीन बाजू बांधतात आणि चौथी सोडतात. रेषा उघडी राहिली तर आत आणि बाहेर हा फरकच उरत नाही. सिद्धांताला बंद रेषा लागते. बंद!"

घेतलं आम्ही बांधायला. विहीर बाहेर राहावी म्हणून तिथे कुंपण आत वळवलं, त्यामुळे आकार छान वेडावाकडा झाला. शेवटी नाल्याकडे एक साडी कमी पडली, बरोबर एक. मी इकडे तिकडे पाहिलं. मचाणावर ती विटकरी साडी! आणली, ताणली आणि बांधली. सुतळी नव्हती म्हणून पदरालाच गाठी मारल्या. एक नाही, चांगल्या सात!

मग प्रयोग. "वैष्णवी, वावरात कुठेही उभी राहा. आता नाकासमोर बघ आणि कुंपणाबाहेर दूरपर्यंत जाणारी एक सरळ रेघ मनात काढ. ती रेघ कुंपणाला किती वेळा छेदते ते मोज. विषम आकडा आला तर तू आत, सम आला तर बाहेर. रेषा कितीही वाकडी असू दे!"

ती मचाणापाशी उभी राहून नाल्याकडे बघत म्हणाली, "एक. आत." मग विहिरीकडे वळली, जिथे कुंपण वळलं होतं. "एक, दोन, तीन. विषम. आत!" तिचे डोळे चमकले. "सर, भारी आहे हो हे!"

अहाहा! वीस वर्षांच्या नोकरीत मला इतका आनंद झाला नव्हता. पोरं पटापट साड्यांखालून वाकून धुऱ्यावर गेली आणि मोजू लागली. धुरा म्हणजे वावराचा बांध. कुणी एक म्हणे, कुणी दोन म्हणे. मी मचाणाशी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो, तेवढ्यात दादाची गाडी आली.

"झालं दादा! पुरं बंद!" मी वावरातूनच ओरडलो. "आता एकबी डुक्कर आत येऊ शकत नाई. हे सिद्ध झालेलं हाये!"

दादा गाडीवरून उतरला. त्यानं नाल्याकडे पाहिलं. मग तुरीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "पहिले हाकलले होते का?"

"कोनाले?"

"अबे, डुकरं दिवसा तुरीतच झोपतेत ना! आधी हाका मारून नाल्याकडून बाहेर काढाचे, अन् मंग थे बाजू बांधाची. म्हणून तं मोकळी ठेव म्हटलं!"

माझ्या मागे तूर हलली. वारा नव्हता, बरं का.

मी मागे पाहिलं. तुरीतून एक ओली, हुंगणारी थुंतरी बाहेर आली. त्या थुंतरीमागे एवढं मोठं काळं धूड आणि त्याच्यामागे एकापाठोपाठ एक सहा पिलं. आणि त्या तशा क्षणी, धुऱ्यावरून वैष्णवीचा अगदी इमानदार आवाज आला, "सर, एक छेद! विषम! डुक्कर आत आहे!"

मी मचाणावर कसा चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. शिडी दुसऱ्या बाजूला होती, एवढं आठवतं.

"सर, तुमचंही विषम आलं!" धुऱ्यावरून पुन्हा वैष्णवीच.

मला वाटलं होतं की डुकरीण सरळ कुंपण फाडून पळून जाईल. पण नाही! कुंपण इतकं पक्कं झालं होतं की विचारू नका. ती जायची, साडी फडफडायची, ती बिचकायची आणि उलटी फिरायची. साडीला काय ठाऊक आत कोण आणि बाहेर कोण? ती दोन्हीकडून साडीच. म्हणजे सिद्धांत शंभर टक्के खरा ठरत होता. आतलं बाहेर जात नव्हतं! ती बया पिलांना घेऊन दादाच्या हरभऱ्यातून गोल गोल पळत होती आणि प्रत्येक फेरीत दोन-चार तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, जमीनदोस्त होत होती.

दादा धुऱ्यावरून पळत नाल्याकडे गेला. त्याच्या हातात विळा होता. त्यानं साडी धरली, विळा उचलला आणि थांबला.

"हे इथं कोनं बांधली?"

"म्या! काप दादा, काप लवकर!"

"मायची हाये थे."

"काय?"

"आखरीच्या दिवसात हेच नेसे ते. गाठोड्यात चुकून आलती. म्हणून म्या बाजूले काढून ठेवली होती."

लहानपणच्या साऱ्या साड्या मी ओळखल्या होत्या, पोरांसमोर मोठ्या कौतुकानं. ही नाही ओळखली. शेवटच्या वर्षात मी किती वेळा आलो होतो घरी? तासाभराचा तर रस्ता आहे. पेपर तपासायचे असायचे, परीक्षा असायची, काही ना काही असायचंच.

पण खाली डुकरीण मचाणाच्या खांबाला अंग घासत होती, हो! माणूस किती वेळ हळवा राहील? मी पुन्हा ओरडलो, "दादा, काप! हरभरा चालला सारा!"

"जाऊ दे हरभरा. हे नाई कापत म्या."

आणि त्यानं विळा कमरेला खोचला आणि गाठी सोडायला बसला. बघा म्हणजे! फाडायचं नाही, कापायचं नाही, असं आयुष्यभर पोरांना शिकवणारा टोपोलॉजीचा प्राध्यापक मचाणावरून बोंबलतोय, काप, काप! आणि दहावी शिकलेला माझा भाऊ कापायला तयार नाही.

सात गाठी. दादा मान खाली घालून एकेक सोडत होता, नखानं, दातानं. वैष्णवी त्याच्याजवळ जाऊन बसली आणि दुसऱ्या टोकाच्या गाठीला लागली. मी वरून मोजत होतो, दुसरं काय करणार? तिसरी सुटली. चौथी सुटली. हरभऱ्यात आणखी एक फेरी झाली. पाचवीला मी दादाला शिव्या घातल्या, सहावीला स्वतःला घातल्या. सातवी सुटली तशी दादानं साडी छातीशी धरली, वैष्णवीला हाताला धरून बाजूला नेलं आणि सगळ्यांना गप्प उभं केलं. डुकरिणीनं मोकळी जागा पाहिली, नाक वर केलं आणि पिलांसकट नाल्यात उतरली. सातही गेले.

"सर," वैष्णवीनं हाक मारली, "आता रेषा उघडी झाली. आता तुम्ही आत की बाहेर?"

"आता आत-बाहेर असं काही राहिलंच नाही," मी वरूनच सांगितलं. "उघड्या रेषेला आत नसतं, पोरी."

तिनं वहीत लिहून घेतलं. ती परत कधी विचारणार नाही, यात सिद्ध काय करायचं म्हणून.

मी उतरलो आणि धुऱ्यावर बसलो. समोर अर्धा हरभरा आडवा झालेला. ज्याला माझं शास्त्र दाखवायला आलो होतो, त्याचंच पीक तुडवून घेतलं होतं मी! तोंड वर करायची हिंमत नव्हती. दादा येऊन शेजारी बसला. मांडीवर ती साडी ठेवून तिच्या चुरगळलेल्या पदरावरून हात फिरवत होता. मी म्हटलं, "दादा, चुकलं माहं. साडीचंबी अन् हरभऱ्याचंबी."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय! पाहतो तर हसतोय. हसू आवरेना त्याला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "कसा चढला बे तू मचाणावर!" एवढंच म्हणायचा आणि पुन्हा सुरू. इतका हसलेला दादा मी बाबा असताना पाहिला होता, त्यानंतर नाही. मग मलाही हसू फुटलं आणि मग रडूही आलं थोडं. आता लाजायचं कशाला?

हसून झाल्यावर डोळे पुसत त्यानं विचारलं, "पण मले एक सांग. थे पोट्टी सारख्या साड्या मोजून राह्यली होती, थे काऊन?"

मी सांगितलं. विषम, सम, आत, बाहेर. फक्त नाल्याकडची बाजू बांधलेलीच समज, म्हटलं. दादा उठला, धुऱ्यावर उभा राहिला, मोजलं. विहिरीपाशी गेला, मोजलं. वळणाच्या खाचेत जाऊन उभा राहिला, पुन्हा मोजलं. परत आला तेव्हा चेहरा असा गंभीर होता, जसा बियाणं पारखताना असतो.

"मंजे कुंपण कसंबी वाकडं राहो, मोजलं का कळते, आपण कोन्या बाजूले हाव?"

"हो."

"अन् हेच शिकवतो तू?"

"हेच शिकवतो, दादा."

"मंग इतके वर्षं बनियनची भोकं कायले मोजत होता बे?"

बनियनचं जाऊ द्या. पण त्याला कळलं होतं. खरंच कळलं होतं. वीस वर्षांनी माझ्या भावाला कळलं होतं की मी काय शिकवतो. अर्धा हरभरा गेला, पण घरी परतताना मी हवेत होतो.

मग उन्हाळ्यात अल्लीपूरला एक लग्न होतं. मांडवात जेवणाच्या पंगतीला दादा आणि मी शेजारी बसलो होतो. समोर नवरीकडचे एक पाहुणे, पांढरी टोपी, मोठे जमीनदार दिसत होते. त्यांनी दादाला विचारलं, "हे तुमचे भाऊ का? काय करतेत?"

दादानं हातातली वाटी खाली ठेवली. ताठ बसला. छाती अशी फुगवली की शर्टाचं बटण ताणलं. आणि सारी पंगत ऐकेल अशा आवाजात, डोळ्यांत काय तो अभिमान, म्हणाला, "आमचा दिन्या? वर्ध्याले प्रोफेसर हाये. डुकरं कोंडाचं शास्त्र शिकवते!"

पाहुण्यांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आदरानं हात जोडले.

"एम.एस्सी. करा लागते त्याले," दादा म्हणाला. "आपल्यासारख्याले जमत नाई. आपल्याच्यानं तं पळूनच जातेत."